रुळालगतच्या घरांवर बसणारी काळी धूळ: रेल्वेची किती, बाकीची कुणाची?

रूळशेजारी (मूळ प्रश्न)

जागा: कोल्हापूर-मिरज लोहमार्ग, गूळ मार्केट ते वळिवडे पट्टा. घर दुमजली, जवळच्या रुळापासून ३५ मीटरवर. मालधक्का साधारण अर्ध्या किलोमीटरवर. मध्ये एक कच्चा रस्ता, त्यावरून धक्क्याचे ट्रक जातात.

गच्चीवर, खिडक्यांच्या जाळीवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दोन तऱ्हेची धूळ बसते. एक काळी आणि हलकी, बोटाला काजळीसारखी लागणारी. दुसरी तपकिरी-काळी, खरखरीत. दुसरीवर चुंबक फिरवलं की भरपूर कण चिकटतात. एवढ्यावरून गल्लीत एकमत झालंय की ही चाकांची आणि रुळांची झिजलेली लोखंडी धूळ आहे, आणि रेल्वेला निवेदन द्यायचं.

निवेदन देण्याआधी खात्री हवी. ही धूळ रेल्वेची आहे हे घरच्या घरी कसं ठरवायचं? असलीच तर छातीला किती वाईट? परसात मेथी, पोकळा, मुळा आहे, तो खावा का? आणि मार्गाचं विद्युतीकरण झाल्यावर हा त्रास कमी व्हायला हवा होता ना?

---

कातळमाती

निवेदन थांबवलंत ते बरं केलंत, कारण चुंबकाचा पुरावा आपल्या जिल्ह्यात टिकत नाही.

कोल्हापूरची जमीन दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेली आहे. या खडकात लोहाचं ऑक्साइड १३-१४ टक्के असतं आणि त्यातला काही भाग मॅग्नेटाइट असतो, म्हणजे जन्मजात चुंबकीय. पंचगंगेच्या वाळूत चुंबक फिरवा, काळी मिशी उगवते. रुळापासून दहा किलोमीटर लांबच्या उसाच्या शेतातली माती वाळवून बघा, तिथंही तेच होतं. त्यामुळे 'चुंबकाला चिकटलं' याचा आपल्याकडे अर्थ एवढाच की त्यात लोहखनिज किंवा लोखंड आहे. कुठलं, ते कळत नाही.

त्यातल्या त्यात उपयोगी चाचणी मोरचुदाची. द्राक्षबागेच्या औषधांच्या दुकानात मिळतो तोच मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार (कॉपर सल्फेट). ५ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचंच. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धुळीवर फिरवा आणि मग चुंबक पिशवीतून ओढून काढा, म्हणजे चिकटलेले कण सुटे पडतात. ते आधी साबणाच्या पाण्यात आणि मग स्वच्छ पाण्यात धुऊन घ्या. तेलाचा पातळ थर राहिला तर चाचणी फसते, आणि रुळावरच्या कणांवर ग्रीस हमखास असतं. आता कण द्रावणात टाका आणि दोन-तीन मिनिटांनी भिंगातून बघा. धातुरूप लोखंड असेल तर त्यावर तांबं चढून कण लालसर होतो. मॅग्नेटाइट आणि गंज आहेत तसेच राहतात.

मर्यादाही लक्षात घ्या. चाक आणि रूळ यांच्या घर्षणातून निघालेले बारीक कण बाहेर पडतानाच बरेचसे ऑक्सिडाइझ झालेले असतात, उरलेले दमट हवेत गंजतात. म्हणून लाल झाले तर धातू आहे हे नक्की. लाल झाले नाहीत तर रेल्वेची धूळ नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

पक्कं उत्तर हवं असेल तर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत लोह आणि टायटॅनियम यांचं गुणोत्तर काढून घ्या. आपल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असतं. हिशेब केला तर लोह भागिले टायटॅनियम ५ ते ८ च्या आसपास येतं. रुळाच्या पोलादात टायटॅनियम जवळपास नसतंच. तेव्हा धुळीत हे गुणोत्तर १५-२० निघालं तर मातीबाहेरचं लोखंड आलंय, यात शंका नाही. तुलनेसाठी रुळापासून पाचशे मीटर लांबची माती २०० नंबरच्या चाळणीतून गाळून तीही द्या. तुलनेचा नमुना नसेल तर अहवाल नुसता कागद.

तांब्यावरून निष्कर्ष काढायला जाऊ नका. ओव्हरहेड तारेतून तांबं झिजतं हे खरं, पण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं मुळातच जास्त असतं, १००-२०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) सहज निघतं.

---

फौंड्रीवाला

कातळमाती सरांचं बरोबर, पण एक भिडू राहिला राव. आपलं गाव फौंड्रीचं, म्हणजी लोखंड ओतायच्या कारखान्यांचं हाय. शिरोली, गोकुळ शिरगाव, आणि उद्यमनगर तर शहराच्या पोटातच. तिथली धूळबी चुंबकाला चिकटती, आणि मोरचुदात लालबी हुती.

फरक भिंगात दिसतो. मोबाइलला लावायचं ६० पटीचं क्लिप भिंग घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतंय.

भट्टीच्या धुरातला लोखंडाचा कण गोल असतो, मोहरीसारखा गुळगुळीत, कारण तो वितळून गार झालेला असतो. ग्राइंडिंगच्या ठिणग्यांचंबी तसंच, शिवाय शेपूट असलेले कण दिसतात. शॉट ब्लास्टिंगचा (छर्रे मारून ओतीव माल साफ करतात तिथला) कण टोकदार तुकडा, सोबत मोल्डिंग सँडची, म्हणजी साच्याच्या वाळूची पांढरी चमक. चाक-रुळाचा कण चपटा, पापुद्र्यासारखा, एका दिशेनं ओरखडे पडलेला. मॅग्नेटाइटचा दाणा कोनेदार, काळा, चमकदार, त्याला पापुद्रे नसतात. रूळ घासायचं मशीन त्या आठवड्यात येऊन गेलं असलं तर मात्र रुळाकडचे कणबी गोलच दिसतील, ते ध्यानात ठेवा.

आता तुमची ती काजळीसारखी काळी धूळ. ती कधी पडती ते वहीत लिवा. दिवाळीच्या आसपास सुरू हुती आणि मार्च-एप्रिलात बंद पडती असं असलं तर रेल्वेचा संबंध नाही. ती साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख, न्हाईतर गुऱ्हाळाची. बगॅसचा कण भिंगात तंतुमय दिसतो, जळक्या काडीगत. स्टीलच्या चमच्यात घेऊन गॅसवर लाल होईस्तोवर तापवा: काळा रंग जाऊन करडी-पांढरी राख उरली तर ती अर्धवट जळालेली बगॅस. आवाज आगगाडीचा येतो म्हणून राखबी तिचीच, असं नसतंय.

---

खडीरूळ

रेल्वे नेमकी कशाकशातून धूळ काढते ते सांगतो, म्हणजे ३५ मीटरवर काय पोचेल याचा अंदाज येईल.

१) चाक आणि रूळ. पोलादावर पोलाद घासून मुख्यतः २ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लोहकण निघतात. सरळ रुळावर कमी, वळणावर चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासते तिथं जास्त. चाक घसरू नये म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं, ती भरडून सिलिकाची धूळ होते. हे चढावर, थांबून सुटताना आणि पहिल्या पावसात जास्त.

२) ब्रेक. जुन्या आयसीएफ डब्यांत आणि मालवाघिणींत ब्रेक ब्लॉक थेट चाकावर दाबला जातो. नव्या एलएचबी डब्यांत आसावर डिस्क असते आणि तिला पॅड लागतो. ब्लॉक आणि पॅड दोन्ही मिश्र पदार्थांचे असतात, त्यांच्या धुळीत लोखंडासोबत बेरियम, तांबं, जस्त आणि कार्बन सापडतं. कोल्हापूर टर्मिनस असल्यामुळे येणारी प्रत्येक गाडी या पट्ट्यात ब्रेक लावते, हे तुमच्या विरुद्ध जाणारं. बाजूनं जाणारं असं की वेग कमी असतो. ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: १००० टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायला सुमारे १४० मेगाज्यूल, ताशी ३० वरून फक्त ३५. शिवाय नवी विद्युत इंजिनं ब्रेक लावताना मोटारच जनरेटरसारखी चालवून वीज तारेत परत देतात, तेवढं काम ब्लॉकवर पडत नाही.

३) खडी. हा प्रकार लोक विसरतात. रुळाखालची खडी बेसॉल्टचीच, २० ते ६५ मिलिमीटर. गाड्यांच्या भारानं आणि टॅम्पिंग मशीनच्या (रुळाखाली खडी ठासणाऱ्या) दांड्यांनी तिच्या कडा झिजून काळी-करडी पूड होते. नवी खडी उतरवतात किंवा खडी उपसून चाळतात, तेव्हा दोन-चार दिवस धुळीचा लोट असतो. ही पूड म्हणजे बेसॉल्टच, अर्थात चुंबकाला चिकटणारी, मोरचुदात लाल न होणारी आणि मातीइतकंच टायटॅनियम असलेली. म्हणजे कातळमाती यांच्या तिन्ही चाचण्यांत ती 'माती' म्हणून सुटते, आणि तरी ती रेल्वेची असते. यावर उपाय एकच: कामाच्या तारखा आणि धुळीच्या तारखा जुळवून बघणं.

४) ओव्हरहेड तार. २५ हजार व्होल्टची तांब्याची तार आणि पेंटोग्राफवरची (इंजिनाच्या छतावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्यावरची) कार्बनची पट्टी. पट्टीच मऊ ठेवलेली असते, म्हणून ती झिजते आणि तार टिकते. वजनानं हा वाटा फार लहान.

५) धूर. विद्युतीकरणाचा फायदा झाला तो इथं. डिझेलचा धूर मायक्रॉनच्याही खालचा, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. पण विद्युतीकरण झालं म्हणजे डिझेल संपलं असं नाही. शंटिंगला (यार्डात डबे हलवायला) डिझेल इंजिन असेल, डेमू (डिझेलवरची लोकल) असेल, किंवा एलएचबी गाडीची जनरेटर व्हॅन उभ्या गाडीत चालू असेल, तर धूर आहेच. त्या व्हॅनमध्ये साधारण ५०० केव्हीएचे दोन डिझेल संच असतात. इंजिनातूनच डब्यांना वीज देण्याची सोय असलेल्या गाडीला ते चालवावे लागत नाहीत, पण इंजिन सुटलं आणि यार्डात बाहेरची वीज जोडली नाही की पुन्हा संच चालू. निवेदनात मागायचं तर हे मागा: उभ्या गाडीला यार्डातून वीज आणि जनरेटर बंद.

आता ३५ मीटरचा हिशेब. डोळ्यांना सुटा दिसणारा कण साधारण ५० मायक्रॉनचा. लोह ऑक्साइडचा असा कण सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. एक मीटर उंचीवरून सुटला आणि वारा सेकंदाला २ मीटर असला तर सहाएक मीटरवर जमिनीला टेकतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला दीड सेंटिमीटर उतरतो, तो सव्वाशे मीटरपर्यंत जातो. अडीच मायक्रॉनचा तर दोनेक किलोमीटर. गाडीमागचा झोत कणांना वर उचलतो, त्यामुळे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण चित्र बदलत नाही. तुमच्या गच्चीवर जी खरखरीत धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक त्या कच्च्या रस्त्याची आहे. रुळांची जी येते ती दिसत नाही.

---

हवामापी

वरच्या हिशेबाला जोड. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकजवळ, रोज शेकडो गाड्या जातात अशा मार्गालगत दहा मीटरवर मोजलं तेव्हा रेल्वेमुळे पीएम १० मध्ये (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांत) पडलेली भर घनमीटरला एक-दोन मायक्रोग्रॅम होती. आपल्या एकेरी मार्गावर तेवढ्या गाड्या नाहीत. आपलं २००९ चं हवेचं मानक पीएम १० साठी वर्षाला सरासरी ६० आणि चोवीस तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ साठी अनुक्रमे ४० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा पीएम १० ला १५ आणि पीएम २.५ ला ५ केली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे ते मानकापेक्षा जास्त धुळीमुळेच, पण त्यात सिंहाचा वाटा रस्ते, बांधकाम आणि जाळण्याचा. एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) केंद्रं रुईकर ट्रस्ट, महाद्वार रोड आणि विद्यापीठ इथं आहेत, त्यांवरून शहराची पातळी कळते, रुळालगतची नाही.

आणि कृपा करून भुयारी मेट्रोतल्या लोहधुळीच्या बातम्या निवेदनाला जोडू नका. बोगद्यात धूळ कोंडून पुन्हा पुन्हा उडते. उघड्यावरच्या रुळाला ते आकडे लागू होत नाहीत.

मोजायचंच असेल तर पडणारी धूळ मोजा. आयएस ५१८२ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात पद्धत आहे. घरगुती रूप असं:

सरळ भिंतीचा प्लास्टिकचा डबा, व्यास २० सेंटिमीटर आणि खोली किमान ४०. ताट किंवा परात ठेवू नका, वारा पडलेली धूळ परत उचलून नेतो. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. आत एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, कोरडं पडू द्यायचं नाही. शेवाळ धरू नये म्हणून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते उडून जातं म्हणून आठवड्याला पुन्हा. शेवाळासाठी एरवी मोरचूद टाकतात, पण तुम्हाला पुढं धातू तपासायचे असतील तर मोरचुदानं तांब्याचा आकडा बिघडतो. डबा गच्चीच्या फरशीपासून दीड-दोन मीटर वर, वर फांदी नको, पक्ष्यांसाठी मोठ्या भोकाची जाळी.

तीस दिवसांनी पानं आणि किडे एक मिलिमीटरच्या जाळीनं काढा. पाणी आधी वजन केलेल्या फिल्टर पेपरमधून गाळा, १०५ अंशांवर वाळवा, गार करा, वजन करा. इथंच बहुतेकांचं चुकतं. फिल्टर पेपर हवेतला ओलावा पितो, म्हणून कोरा कागदही आधी तसाच वाळवून, तेवढाच वेळ गार करून वजन करायचा. सोनाराचा १० मिलिग्रॅमचा काटा चालतो, गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, कुणीही करून देईल. १० मिलिग्रॅमची चूक म्हणजे चौरस मीटरला ०.३ ग्रॅम, तेवढी पदरात घ्यायची. समजा ०.२० ग्रॅम भरलं, तर महिन्याला चौरस मीटरमागे ६.४ ग्रॅम. पडणाऱ्या धुळीला आपल्या २००९ च्या मानकांत मर्यादा नाही. जर्मनीत दिवसाला ०.३५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेदहा, ही रेघ धरतात.

एका डब्यानं काही सिद्ध होत नाही. चार ठेवा: रेल्वेच्या हद्दीच्या लगेच बाहेर, तुमच्या ३५ मीटरवर, शंभरवर आणि तीनशेवर. लोखंडाचा आकडा रुळापासून लांब जाताना झपाट्यानं उतरत असेल तर ते रुळाचं. सगळीकडे सारखाच असेल तर माती किंवा फौंड्री. आपल्याकडे रूळ साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे धूळ रुळालगतच वाहत जाते, घरांकडे कमी वळते. तेव्हा दक्षिण आणि उत्तर दोन्ही बाजूंना ठेवता आले तर आणखी चांगलं. हद्दीच्या आत पाऊल नको. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे.

---

रूळशेजारी

सर्वांचे आभार. चमच्याची चाचणी केली: काळी धूळ पांढरी पडली. खरखरीतमधले चिकटलेले कण मोरचुदात जवळपास सगळे काळेच राहिले, वीस-पंचवीसात एखादा लाल. दोन शंका. हजार-दीड हजाराचा पीएमएस ५००३ हा धूळ मोजणारा सेन्सर गच्चीवर लावला तर गाडी जाताना आकडा वाढतोय का ते दिसेल? आणि मालधक्क्याचं काय, रेक (अख्खी मालगाडी) लागला की पांढरट धूळ येते.

---

हवामापी

सेन्सर लावा, पण त्याला जे दिसत नाही ते त्याच्या तोंडी घालू नका. तो लेझरच्या विखुरणाऱ्या प्रकाशावरून मोजतो आणि मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान कण त्याला नीट कळतात. दोन मायक्रॉनच्या वरचे तो फारसे पकडत नाही, पीएम १० म्हणून जो आकडा दाखवतो तो बऱ्यापैकी अंदाजच असतो. चाक-रुळाची धूळ नेमकी त्या वरच्या टप्प्यातली. म्हणजे डिझेलचा धूर दिसेल, लोहधूळ जवळपास नाही. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की थेंबांनाही धूळ समजतो, म्हणून जून ते सप्टेंबरचे आकडे सोडून द्या आणि हिवाळ्यातली धुक्याची पहाटही.

दर मिनिटाची नोंद ठेवा, शेजारी गाडी गेल्याची प्रत्यक्ष वेळ लिहा. वेळापत्रकातली नको. उंचवटा दोन-तीन मिनिटांत ओसरत असेल तर गाडीचा. जवळ फाटक असेल तर गाडी येण्याआधीच आकडा चढेल. ती फाटकात इंजिन चालू ठेवून थांबलेली वाहनं.

---

माथाडीमित्र

मालधक्क्याचा प्रश्न आधी विचारायला हवा होता, कारण खरा माल तिथं आहे. बंद वाघिणींच्या एका रेकमध्ये अडीच हजार टनांच्या वर माल असतो. सिमेंटचा असेल तर ५० किलोच्या पन्नास हजारांवर गोण्या, आणि प्रत्येक गोणी वाघिणीतून धक्क्यावर, धक्क्यावरून ट्रकवर अशी हातांनी हलते. हूक लावला की गोणी फाटते. हजारात एक फाटली तरी पन्नास गोण्या सांडल्या.

सगळ्या मालाला एकच औषध नाही, इथंच निवेदनं फसतात. 'पाणी मारा' एवढं लिहिलं की झालं असं समजतात.

कोळसा किंवा माती असेल तर पाण्याचा फवारा बरोबर. सिमेंटवर पाणी मारलं तर ते जागेवर घट्ट होतं, वरचा पापुद्रा ट्रकच्या चाकाखाली पुन्हा पीठ होतो, आणि वाहून जाणारं पाणी चुन्यासारखं, पीएच १२ च्या वर. पानावर दवासोबत बसलं की पांढरी खपली धरते, झाडाचं पान गुदमरतं. सिमेंट कोरडंच उचलायचं: सांडल्या सांडल्या फावड्यानं गोणीत, उरलेलं व्हॅक्युमनं. झाडू नाही.

खतावर तर पाणी अजिबात नको. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो. विरघळून नाल्याला लागलं की पुढं पंचगंगा, तिथं जलपर्णी तयारच बसलेली आहे. साखर सांडली तर मुंग्या बघून घेतात, तिचा विचार नको.

पाणी मारायचं ते रस्त्यावर. एप्रिलमध्ये चौरस मीटरला एक लिटर मारलं तर दोन-तीन तास टिकतं. पाच मीटर रुंद, चारशे मीटर लांब रस्ता म्हणजे दर खेपेला दोन हजार लिटर, दिवसाला चार खेपा. रेकच्या दिवशी दहा हजारांचा एक टँकर पुरतो. तो रस्ता काँक्रीटचा झाला तर हा खर्चच राहत नाही, म्हणून पहिली मागणी ती. दुसरी: ट्रक भरल्यावर ताडपत्री धक्क्याच्या फाटकाच्या आतच बांधायची, बाहेर रस्त्यावर नाही. तिसरी: गोण्यांना हूक बंद. आणि माथाडींना मास्क. धुळीत आठ तास ते उभे असतात, ३५ मीटरवरचं घर नव्हे. निवेदनात त्यांचं नाव असलं तर त्याला वजनही येतं.

---

कातळमाती

मुद्दा भाजीचा राहिलाय. आपली काळी माती चुनखडीची, पीएच साडेसात ते साडेआठ. अशा मातीत लोह, जस्त, तांबं, शिसं मुळांना सहज मिळत नाही. त्यामुळे धातू आत शोषला जाण्यापेक्षा पानावर धूळ बसण्याचा भाग मोठा. मेथी आणि पोकळा यांची पानं लहान, लवदार किंवा सुरकुतलेली, धूळ धरून ठेवतात. भरपूर पाण्यात तीनदा बुडवून काढायची, नळाखाली नुसती धरून भागत नाही. मुळा सोलून घ्या.

३५ मीटरवर एवढं पुरे. रुळाला खेटून, पाच-दहा मीटरच्या आत लावलेल्या भाजीचं मात्र वेगळं. हा मार्ग १८९१ चा आहे. वाफेच्या इंजिनांची राख आणि क्लिंकर (जळून घट्ट झालेले खडे), गळालेलं तेल आणि ग्रीस, तणनाशक, सगळं त्या पट्ट्यात साठत आलंय, आणि मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं म्हणून खालची माती बदलली नाही. तिथली पालेभाजी खायची असेल तर शिसं आणि कॅडमियम तपासून घ्यावं. पालेभाजीत किलोला शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम ही अन्न सुरक्षेची मर्यादा.

---

झाडंलावा

एवढा उहापोह कशाला? रुळाकडेनं अशोकाची रांग लावा, विषय संपला.

---

खडीरूळ

उंच अशोक नको. खाली खोड मोकळं राहतं आणि धूळ नेमकी जमिनीपासून दोन-तीन मीटरांतच असते, ती खालून सरळ घरात. जमिनीपासून पानं हवीत: पुढं कण्हेर किंवा मेंदीची दाट रांग, मागं करंज किंवा बकुळ. अगदी भिंतीसारखं गच्चही नको, वारा वरून उडी मारून मागं घोंघावतो आणि धूळ तिथंच टाकतो. निम्मा वारा आरपार जाईल इतपत दाट. तीन मीटरच्या कुंपणाचा उपयोग मागं पंधरा ते तीस मीटरपर्यंत. आणि ते तुमच्या हद्दीत. रेल्वेच्या जागेत लावलेलं झाड तारेकडे वाढलं की कापलंच जाणार, फाटकाजवळ असेल तर त्याआधीच.

---

माथाडीमित्र

कागदपत्रांबद्दल एवढंच. धक्का मध्य रेल्वेच्या पुणे विभागाचा, त्यामुळे माहिती अधिकार अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, दहा रुपये, तीस दिवस. एमपीसीबीला विचारायचं तर राज्याच्या पोर्टलवर, वेगळा अर्ज. 'प्रदूषणाची माहिती द्या' असं लिहू नका, काहीच मिळत नाही. विचारा: गेल्या बारा महिन्यांत या धक्क्यावर किती रेक उतरले, मालनिहाय आणि तारखांसह. त्या तारखा तुमच्या वहीतल्या पांढऱ्या धुळीच्या तारखांशेजारी ठेवल्या की निवेदन निम्मं लिहून झालं. खडी चाळल्याच्या आणि टॅम्पिंगच्या तारखाही त्याच अर्जात मागा.

---

रूळशेजारी

ठरलं असं: अर्ज या आठवड्यात. निवेदनात चाक-रुळाचं नाव नाही. काँक्रीट रस्ता, ताडपत्री, हूकबंदी आणि उभ्या गाडीचे जनरेटर, एवढंच. चार डबे मार्चच्या एक तारखेला मांडतो, गळीत चालू असतानाचा एक महिना आणि बंद झाल्यावरचा एक महिना असे दोन आकडे मिळतील.

---

हवामापी

दुसरा महिना एप्रिलअखेर संपवा, मेपर्यंत ओढू नका. वळीव आला की रस्त्यावरची धूळ दबते आणि दोन महिन्यांची तुलना बिघडते. कारखाना लांबला तर ऑक्टोबरच्या शेवटी, पहिली मोळी टाकायच्या आधीचे पंधरा दिवस घ्या आणि आकडा दुप्पट करा. आणि मोरचुदाची बशी टाकीच्या झाकणापासून लांब ठेवा.